दीपमालाच्या नावाची डबी

ता. २१ जून

भाग्यलक्ष्मीले,

वर आशीर्वाद लिहू का नको, ह्या इचारात अर्धा घंटा गेला. लिहिला असं समज.

तू फोन उचलत नाही. नको उचलू. सासू सातवी पास हाय, मराठी शाळेतली, पत्र लिहिता येते तिले. शाळेतल्यासारखं शुद्ध लिहावं म्हनते, पन हात बोलल्यावानीच चालते. हसू नको. अन् हसली तरी इथं तलमडुगुकडं बसून मले तुही वांकिडी कुठं दिसते?

दीपमाला मजेत हाय. शाळा सुरू झाली, चौथीत बसली. हे पयलं सांगून टाकते, कारन पाट लावून जाताना तू चार पंचांसमोर जे बोलली ते मी इसरली नाही. "पोरगी सुकलेली दिसली तं त्याच दिवशी येऊन घेऊन जाईन." पंचांनी माना डोलावल्या, एप्रिलपर्यंत पोरगी माह्याजवळ, मंग तू येऊन पाहून ठरवशील, असा इकरार लिहिला अन् माही दस्तखत घेतली. माहा बंडू गेला, मागं त्याची एवढी एक पोरगी राह्यली, अन् तिच्यासाठी मीच दस्तखत करू! मंग मीही तोंडाले येईन ते बोलली. तुले बोलली, संतोषले बोलली, त्याच्या किराना दुकानालेही बोलली. बोलली ते बोलली. तू दुसरं घर केलं ह्याचा राग आता नाही मले. सत्तावीस वर्षांच्या बाईनं भिंतीकडं पाहत जनम काढावा असं कोन्या देवानं सांगतलं? पन पोरगी माही हाय. अन् ती सुकनार नाही.

जेवन तं इचारूच नको. दोन भाकरी खाते अन् अजून मागते. काल म्हने, "आजी, पोट भरलं पन भूक नाही गेली." वाढतं अंग हाय. अंगाले अजून लागलं नाही, लागन.

आता एक सांगते, ते संतोषलेही वाचून दाखव. शाळेच्या दुपारच्या जेवनाले भाजी आपल्या वावरातली जाते. पालक, वांगे, मुळा, काकडी, अन् पप्पूवर, म्हनजे तेलगू वरनावर, टाकाले कच्चा सांबार, मेडम ज्याले कोथिंबीर म्हनते तो. उत्कर्षा मेडम म्हनून चौथीले नवी मास्तरीन आली हाय, ती सोता म्हने, "जयवंताबाई, तुमच्यासारखा हिरवागार सांबार मी कुठं पाह्यला नाही." बैल इकले तवा तू काय म्हटलं होतं, आठव. आता शेन कुठून आननार, वावर ओसाड पडन. पडलं का? खत बसल्या जागी येते मले. चंपत ट्रॅक्टरनं आनून टाकते. कुठून आनते ते तुले काय कराचं हाय?

मधल्या सुट्टीत सारे पोट्टे आपल्या वावराच्या धुऱ्यावर येतात. मुळा उपटतात, चड्डीले पुसतात अन् कचाकचा खातात. मी बोलत नाही. खाऊ दे, लेकरं हायेत. सगळ्यात पुढं आपली दीपमाला.

जयवंताबाई

ता. १६ ऑगस्ट

भाग्या,

दोन महिने वाट पाह्यली तवा तुह्या दोन ओळी आल्या. "दीपमाला कशी आहे ते खरं कळवा." खरं! जसा खोट्याचा कारखाना साऱ्या जगात माह्याच घरी हाय.

तं खरं आईक. पोरगी शाळेत जाते, कविता पाठ म्हनते, पाढे म्हनते. थोडी दमते. परवा पान्याची कळशी अर्ध्या रस्त्यात ठेवून बसली, म्हने छाती धडधडते. मी म्हटलं, तुह्या बापाचीही कामाचं नाव काढलं की अशीच धडधडे. हसली बिचारी. रंग उतरला हाय जरासा. पन श्रावनात ऊन कुठं हाय, सारेच पांढरे दिसतात. चुलीची माती खाते, दोनदा पकडली मी. त्याचाही दोष तुहाच. पोटुशी होती तवा तू लपून खाये, मले काय दिसत नव्हतं?

शाळेत जंताच्या गोळ्या वाटल्या. तेलगूत नुलीपुरुगुलु म्हनतात, नाव आईकूनच अंगावर काटा येते. एक गोळी, मास्तरासमोर चावून खायाची. त्या दिवशी मी दीपमालाले घरी ठेवलं. सर्दी होती. मंग राह्यलेल्या पोरांसाठी आठ दिवसांनी अजून एक दिवस ठेवला, तवा वावरात काम निघालं.

मेडम घरी आली इचाराले. मी म्हटलं, "मेडम, आमच्या घरी जंत होत नाही. पानी उकळतो, हात धुतो, पोरीच्या पायात चप्पल हाय. जंत होतात ते घानीत लोळनाऱ्याईले."

ती म्हने, "आजी, जंत आहेत म्हणून नाही देत, सगळ्याच मुलांना देतात. घेतल्यानं काही बिघडत नाही."

बिघडत कसं नाही? रामाजीच्या नातवाले मागच्या साली देली होती. दुसऱ्या दिवशी वीतवीतभर जंत पडले. घरच्याईनं सांगतलं नसतं तं कोनाले कळलं नसतं, पन त्याच्या मायनं साऱ्या गावात बोंब मारली. आता पोट्टे त्याले जंत्या म्हनतात, त्याचं खरं नाव मास्तरालेही आठवत नाही. पोराचं चालून जाते. पोरीले असं नाव पडलं अन् ते पाय फुटून वांकिडीपर्यंत गेलं म्हनजे?

हे शेवटचं मेडमले नाही बोलली, तुले लिहून राह्यली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तसं घरचं औषध चालू हाय. वावडिंग मधात देते, कधी पळसाच्या बिया उगाळून देते. जंत हायेत म्हून नाही. असंच.

जयवंताबाई

ता. ५ ऑक्टोबर

भाग्या,

इकडं तेलगू बायांचा बतुकम्मा चालू हाय. आपल्याही पोरी जातात फुलं घेऊन, टाळ्या वाजवत फेर धरतात. दीपमालानं झेंडूची थाळी सजवली, मीच फुलं तोडून देली. एक फेरा झाला अन् खाली बसली. म्हने, आजी, मी पाहते, खेळत नाही. पाहन्यातही मजा असतेच. मी तिच्याजवळ बसली.

तू इचारलं की तिचं पोट मोठं दिसते असं कोनी सांगतलं. कोनी सांगतलं? नाव सांग. मी त्याच्या दारात जाते. पोट मोठं हाय कारन पोटभर जेवते. ज्याईच्या घरी लेकरं उपाशी झोपतात त्याईले भरलेलं पोट म्हनजे रोग वाटते.

शाळेत सोळा पोट्ट्याईचं पोट दुखून राह्यलं, हे खरं हाय. दवाखान्याचे लोक आले होते. सगळ्या पोरांले एकेक डबी वाटली, झाकनाची, वर नाव लिहाले कागद. सकाळची पयली बोराएवढी भरून आना म्हने. आता हेही पाहाचं राह्यलं होतं! रामाजी म्हने, सरकारले काही धंदे राह्यले नाही, लोकाईचं हगनं मोजून राह्यले. सारा गाव हसला. मीही हसली.

आपली डबी मी सोता नेऊन देली, मेडमच्या हातात. त्याच्यात काही निघनार नाही, हे आजच लिहून ठेवते. कागद आला की तो तुले पाठवीन, म्हनजे तुह्या जिवाचा घोर मिटन अन् चुगल्या करनाऱ्याईचं तोंडही.

जयवंताबाई

ता. ३० ऑक्टोबर
(हे पाठवलं नाही)

भाग्या,

हे पत्र लिहून राह्यली, पन पाठवनार नाही. तरी लिहिल्याबिगर मले चैन नाही.

कागद आला. मेडमनं शाळेत बोलावून वाचून दाखवला. दीपमालाच्या नावाच्या डबीत जंतांची अंडी निघाली. मोप निघाली. दवाखान्याच्या मानसानं बाजूले लाल रेघ मारली होती. मेडम म्हने, "आजी, वर्गात सर्वात जास्त हिच्याच पोटात आहेत." मी तिथंच बाकड्यावर बसली. तिले वाटलं नातीसाठी बसली. तिनं मले पानी देलं.

भाग्या, ती डबी दीपमालाची नव्हती. माही होती.

काऊन केलं असं? तुह्यासाठी केलं. पोरीच्या डबीत काय निघन ह्याची मले धास्ती होती. ती दात खाते, माती खाते, बसल्या जागी पोट धरते, हे काय मले दिसत नाही? पन माहं पोट कधी दुखलं नाही, खुपलं नाही. मी म्हटलं, आपली डबी देऊ, तिचं नाव टाकू, कोरा कागद येईन अन् तो तुह्या अंगावर फेकीन. करायले गेली एक अन् झालं भलतंच.

मेडमनं गोळी देली. पोरगी त्या दिवशी शाळेत नव्हती, घरी निजली होती, म्हून माह्याच हातात देली. "तुमच्यासमोर चावून खाऊ द्या," म्हने. घरी आनली. चुलीजवळ बसून मी तिच्याकडं पाहत राह्यली. डबी माही, अंडी माही, तं गोळीही माहीच, नाही का? मले तवा ते अगदी बरोबर वाटलं. मी खाल्ली. पोरीले वावडिंग देलं.

तिसऱ्या दिवशी जे पाह्यलं ते लिहित नाही. रामाजीच्या नातवाले हसली होती मी.

मंग इचार केला, माह्या पोटात आले कुठून? पानी उकळलेलं. पायात चप्पल. हात मी चारदा धुते. बाहेरचं खात नाही. खाते ते आपल्याच वावरातलं. कच्चा मुळा, कच्ची काकडी, भाकरीसंग सांबाराची काडी.

चंपतचं खत कुठलं ते सांगते आता. तो आदिलाबादमधल्या संडासाच्या टाक्या उपसते. घरांच्या, लॉजच्या. टँकर भरला की त्याले कुठं तरी रिता कराचा असते. मी म्हटलं माह्या वावरात कर. सोनखतच ते, काही नवीन नाही. माही सासूही वापरे. पन तिची रीत होती. खड्डा खंदून त्यात टाकाचं, वरून चुलीची राख, वरून माती. एक उनाळा अन् एक पावसाळा त्याच्याकडं पाहाचंही नाही. वर्षानं काढलं की हातात घेतलं तरी वास येत नसे. अन् तेही कपाशीले, ज्वारीले. पालेभाजीले कधीच नाही. एकदा नवी सून म्हून मी वांग्याच्या आळ्यात टाकलं होतं तं तिनं माह्या हातून टोपलं ओढून घेतलं. "मानसाच्या पोटातलं थेट मानसाच्या तोंडात नेते का व?" म्हने.

मले सारं मालूम होतं. पन एक वर्ष थांबाले टाइम कुठं होता? बैल इकलेले, शेन नाही, अन् शाळेले रोज भाजी पायजे. तू एप्रिलात येशील तवा पोरगीही हिरवीगार दिसावी अन् वावरही. मी टँकरची नळी सरळ पाटात सोडली. ताजंच. पाला आठ दिवसांत वर आला. सारे म्हनत, जयवंताबाईच्या हाताले गुन हाय.

चंपतले आज सांगतलं, आता येऊ नको. पन वावरात गाजर उभं हाय, सांबार उभा हाय. उभं पीक उपटून फेकलं तं गाव इचारन काऊन. काय सांगू? अन् दुसरी गोळी मागाले गेली तं मेडम इचारन पयली कुठं गेली. ह्या दोन प्रश्नांपुढं माही अक्कल चालत नाही, भाग्या. इतकी भीती मले बंडूच्या सरनाजवळही नाही वाटली.

जयवंता

ता. २ जानेवारी

भाग्या,

तू पाठवलेला फ्राक पोचला. पिवळा रंग तिले शोभून दिसते. बरोबर बसला. म्हनजे खांद्यात जरा ढिला अन् पोटावर जरा घट्ट, पन आजकाल तशीच फॅशन हाय म्हनतात. आरशासमोर उभी राह्यली अन् म्हने, "आई मले असं पाहन का आजी?" मी म्हटलं, पाहन नं.

शाळेच्या प्रार्थनेत एकदा भोवळ आली. एकदाच. तीनदा आली असं कोनी सांगन तं मानू नको.

त्या कागदाचं तू दोनदा इचारलं. कागद हरवला मेडमकडून. काही नव्हतं त्यात.

मेडम आता उठसूट वावरात येते. शाळेतले अजून नऊ पोट्टे आजारी हायेत. ती धुऱ्यावर उभी राहून वाफ्याकडं पाहते, वास घेतल्यासारखं करते. परवा सरळ इचारलं, "आजी, खत कोणतं वापरता?"

"शेनखत," मी म्हटलं.

"बैल तर दिसत नाहीत."

"इकत आनते."

तिनं वाकून एक गाजर उपटलं, त्याची माती पाह्यली अन् रुमालात बांधून घेऊन गेली. तिनं तुहा नंबर मागतला होता. मी देला. एक आकडा चुकला असन कदाचित, माहे डोळे आता पयल्यासारखे नाही.

संक्रांतीले तू येते म्हनते, संग संतोषलेही आनते म्हनते. येऊ नको. गावात गोवर आला हाय. तुह्या पोटात आता नवीन जीव हाय असं तूच लिहिलं, मंग अशा गावात येऊन जीव धोक्यात कशाले टाकाचा? एप्रिलात ये. तवा पोरगी अशी गरगरीत झालेली असन की तू वळखनार नाही.

माहं म्हननं मान. ह्या टायमाले नको येऊ.

जयवंताबाई

ता. १८ जानेवारी
आदिलाबाद, मोठ्या दवाखान्याचा व्हरांडा

भाग्या पोरी,

तू आत पलंगाजवळ बसली हाय, मी बाहेर. मधात एक भिंत. दोनदा दारात येऊन तू मले बोलावलं, "आत्याबाई, आत या, थंडी हाय." मी नाही आली. तोंडानं बोलाले गेली तं मी पुन्हा खोटं बोलीन, माही मले खात्री हाय. म्हून लिहून राह्यली. ह्या पत्राच्या संग अजून एक पत्र घडी करून ठेवलं हाय, ऑक्टोबरातलं, तुले कधी पाठवलंच नाही ते. दोन्ही मेडमजवळ देऊन जाते. आधी ते जुनं वाच. पोरीजवळ बसून वाचू नको, बाहेर जाऊन वाच. अन् खाली बसून वाच, तुह्या पोटात लेकरू हाय.

गावात गोवर नव्हता. कोनालेच नव्हता.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दीपमालाचं पोट दगडावानी झालं. आधी हिरवं ओकली. मंग ओकारीत जंत आले, जिवंत. ती माह्याकडं पाहत राह्यली, ओरडलीही नाही. म्हने, "आजी, हे माह्यातून आलं का?" मी म्हटलं नाही, भाजीतून आलं. ते तरी खरं बोलली मी, नकळत.

गाडी भेटेना. चंपतच उभा होता ट्रॅक्टर घेऊन. टँकर सोडवला अन् नुसत्या ट्रॅक्टरवर तिले मांडीत धरून आनलं. पूर्न रस्ता तिच्या तोंडातून एकच, पानी दे, पानी दे. मेडम मागून गाडीवर आली. खरा नंबर तिनंच वांकिडीच्या कोन्या मास्तराकडून शोधून काढला अन् तुले फोन केला. मी नाही केला. हे तुले मालूम असावं.

डॉक्टरनं पोट उघडलं. तुले तो म्हने आतडी बंद झाली होती. मले त्यानं पूर्न सांगतलं, कारन तू तवा पोचली नव्हती. जंतांचा गोळा होता, सुतळीची गुंडी असते तसा. हातभर आतडं काळं पडलं होतं, ते कापून काढलं. अंगात रक्त निम्मंही नव्हतं. म्हने, आजीबाई, इतके दिवस तुमी काय पाहत होत्या? मी म्हटलं, आमी अडानी. भाग्या, मी अडानी नाही. सातवी पास हाय. हातात एक गोळी आली होती, चावून खायाची, तेवढ्यावर भागलं असतं.

काल दुपारी तू आली. मले वाटलं आल्याआल्या माह्या झिंज्या धरशील. मी तयारच होती, जराशी खूशही होती, खोटं कशाले बोलू. अन् तू काय केलं? माह्या पाया पडली. म्हटलं, "आत्याबाई, तुमी नसत्या तं माही पोरगी गेली असती. मी नुसती इकरार लिहून घेनारी माय. तुमी तिले ट्रॅक्टरवर मांडीत घेऊन आनली." मंग आज सकाळी तिनं डोळे उघडले, तुह्याकडं पाहून माहं नाव घेतलं, अन् तू रडत बाहेर येऊन म्हटलं, "तिले तुमच्याजवळच राहू द्या. तिचा जीव तुमच्यात हाय. एप्रिलात मी नाही नेत."

सात महिने मी ह्याच एका वाक्यासाठी मेली, पोरी. खोटं लिहिलं, डबी बदलली, मेडमले फसवलं, ते सारं ह्याच्याचसाठी. अन् ते वाक्य तू असं फुकटात माह्या वटीत टाकलं. तुले वाटलं मी आनंदानं रडून राह्यली.

मी गप बसली असती तं पोरगी माही झाली असती. देवाशपथ सांगते, सकाळपासून दुपारपर्यंत मी गप बसायचंच ठरवलं होतं. मनात हिशेब चालू होता की तिले घरी नेऊ, ऊन पानी देऊ, अंडं देऊ, दूध देऊ, वावर नांगरून टाकू, कोनाले काय कळते.

मंग डॉक्टर व्हरांड्यातून जाऊन राह्यला होता. मी इचारलं, साहेब, हे जंत मातीत किती दिवस राहतात? म्हने, जंत नाही राहत, अंडी राहतात. म्हटलं, अंडी किती दिवस? म्हने, वर्षानुवर्षं. पाऊस पडला, ऊन पडलं, तरी राहतात. मी इचारलं, नांगरलं तं? तो थांबला. माह्याकडं नीट पाह्यलं अन् म्हने, "काऊन इचारता, आजी?"

मी खाली माह्या पायाकडं पाह्यलं. तवाच कळलं की माह्या अंगनातही तीच माती हाय. माह्या पायाले हाय, नखात हाय, चुलीच्या पोतेऱ्यात हाय. पोरगी जी चुलीची माती खाये, तीही मी वावरातूनच आनत होती. तिले त्या घरात पुन्हा नेनं म्हनजे काय ते तूच समज.

अन् ती एकटी नाही. पलीकडच्या वॉर्डात रामाजीचा तोच नातू आला हाय काल, पोट धरून. त्याचं नाव हर्षल हाय. काल पयल्यांदा मालूम झालं मले. अजून एकोनचाळीस लेकरं हायेत त्या शाळेत. सोमवारपर्यंत भाजी माह्याच वावरातली गेली. मीच टोपलं नेऊन देलं, सांबार धुवून, जुडी बांधून. चंपतले बंद केल्यावरही अडीच महिने देत राह्यली.

मेडमले मी तासाभरापूर्वी सारं सांगतलं. जिन्याखाली उभी होती ती. टँकरचं सांगतलं, डबीचं सांगतलं, गोळी मीच खाल्ली ते सांगतलं. मले वाटलं ओरडन. तिनं डोळे मिटले, मंग फोन काढून दवाखान्याच्या मानसाले लावला. उद्या साऱ्या पोट्ट्याईले तपासतीन, औषध देतीन. तिनं एकच इचारलं, "पालकांसमोर बोलाल?" मी हो म्हटलं. ते जीव घेतीन का थुंकतीन ते मले मालूम नाही. थुंकले तरी बरोबरच हाय. सहाची बस हाय, तिनं जाते. आधी पाटाचं तोंड बुजवते, मंग धुऱ्यावर काटे टाकते, मंग शाळेत जाते.

पोरीले तू घेऊन जा. पंच बोलवाची गरज नाही. सुकली तं नेईन म्हटलं होतं, सुकली हाय, ने. संतोष चांगला मानूस दिसला. काल तिच्या पायाशी बसून पायाले तेल चोळत होता, कोनी सांगतलं नव्हतं त्याले. मी त्याच्या दुकानाले जे बोलली होती त्याची माफी त्याले सांगजो. तिले भाजीवालीच्या पाटीवरचं काही कच्चं देऊ नको. डॉक्टर देईन ती गोळी तुह्या डोळ्यासमोर चावू दे, सहा महिन्यांनी पुन्हा दे. तूही तपासून घे, पोटात लेकरू हाय हे डॉक्टरले आधी सांगून.

मले शिव्या द्याच्या असतीन तं पत्रानं दे. मी वाचीन.

आता ती झोपली हाय. खिडकीतून पाह्यलं मी, तुहा हात धरून झोपली. संध्याकाळी जागी झाली की आजी, आजी करन. करू दे. दोन दिवस रडन, हट्ट करन, औषध घेनार नाही म्हनन, मंग हळूहळू तुह्याकडं वळन. मलेही राहवनार नाही, दोन-चार दिवसांत मी ह्या दारात येऊन उभी राहीन, हातापाया पडीन. तवा मले आत घेऊ नको.

जयवंता